पिशवीतली कलमं उंचच उंच चाललीत, आवरायची कशी?

कुंडीतला

नमस्कार मंडळी. यंदा पहिल्यांदाच जरा मोठ्या प्रमाणावर कलमं केली. आंबा, पेरू आणि मोसंबी मिळून चारशेच्या आसपास. डोळे (सालीवर बसवलेल्या कळ्या) छान लागले, पाचर कलमंही (खोड चिरून काडी बसवलेली) बरीच जगली, मी खुशीत होतो. आता तीच डोक्याला ताप झाली आहेत. लागवडीला अजून चार महिने आहेत आणि मोसंबी छातीला लागली. खोड पेन्सिलीएवढं, शेंडा वाकलेला, काठी सोडली की झाड आडवं. पेरू त्याच वाटेवर आहे. आंबा त्यातल्या त्यात शहाणा, एक पालवी काढतो आणि दम खातो.

शोधाशोध केली तर निम्मे लोक म्हणतात पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं औषध द्या, उरलेले म्हणतात पाणी तोडा. शेंडे मारायची भीती वाटते, झाडाचा खराटा होईल असं.

मांडणी अशी: काळ्या पिशव्या, जमिनीवर एकमेकींना चिकटून ओळीत, वर शेडनेट. पाइपने रोज पाणी. दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) चं पाणी. काय करू?

उगाच_एक

शिडी घ्या.

(पळतो.)

खुंटडोळा

चांगला धागा. औषधाचं नंतर बघू. आधी एक सांगा, सगळी कलमं सारखीच उंच झालीत की काही ओळी जास्त, काही कमी? आणि आत्ता जाऊन सगळ्यात उंच मोसंबीची पिशवी हाताने उचलून बघा. सहज उचलली जाते का?

कुंडीतला

काका, सारखी नाहीत. मधल्या तीन ओळी फार उंच, कडेच्या बऱ्यापैकी ठेंगण्या. पिशवी उचलायला गेलो तर हललीच नाही. जोर लावला तेव्हा टर्रकन आवाज आला आणि खालून शेपटीसारखं मूळ निघालं, करंगळीएवढं जाड. पेरूच्या दहा पिशव्या पाहिल्या, सातांचं तेच.

खुंटडोळा

मग झालं की निदान. तुमची कलमं पिशवीत नाहीतच, जमिनीत लावली गेली आहेत. पिशवी फक्त त्यांच्या गळ्यात आहे. तुम्ही मोजून खत-पाणी देता असं तुम्हाला वाटतं, पण झाड खालच्या मातीतून हवं तेवढं ओढून घेतंय. अशा झाडाला वरून पाणी तोडलंत तरी त्याला पत्ता लागणार नाही, आणि लागवडीच्या दिवशी पिशवी उपटाल तेव्हा अर्धं मूळ खाली राहील. मेलेली झाडं मग 'कलम खराब होतं' या खात्यावर जातात.

रोपवाटिकेत पिशव्या हलवणं हे काम असतंच. तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक पिशवी उचलायची, खालून डोकावलेलं मूळ तोडायचं, जागा बदलायची. मूळ दोऱ्याएवढं असताना हे केलं तर झाडाला कळतही नाही. करंगळीएवढं झाल्यावर मात्र जपून. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, ऊन उतरल्यावर उचला, मूळ ओढून तोडू नका, धारदार कात्रीने कापा आणि आठवडाभर दाट सावलीत ठेवा. पानं दोन-तीन दिवस मान टाकतील. टाकू द्या. फार लवली तर कोवळा शेंडा कापून टाका, तसाही तो तुम्हाला नकोच आहे. या एका कामात तुमची निम्मी वाढ थांबेल.

सगळी चारशे एका दिवशी उचलू नका. आधी वीस उचला, आठवडा बघा.

प्रकाशवेडा

काकांनी खालचं सांगितलं, मी वरचं सांगतो. मधल्या ओळी जास्त उंच असण्याचं अर्धं कारण दाटी आहे.

झाडाला नुसती सावली कळते असं नाही, शेजारीही कळतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, पण त्याच्या पुढचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद लाल प्रकाश शोषत नाही, पलीकडे जाऊ देतं किंवा परतवतं. म्हणून झाडांच्या गर्दीत लाल कमी आणि गडद लाल जास्त असा प्रकाश होतो. फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे प्रमाण मोजत असतं. प्रमाण बिघडलं की झाड समजतं, शेजारी आपल्या डोक्यावर जाणार. मग खोड जाड करणं, फांद्या काढणं सगळं बाजूला ठेवून ते पेरं लांबवायला लागतं. गंमत म्हणजे शेजाऱ्याची सावली प्रत्यक्ष पडायच्या आधीच, त्याच्या पानांवरून आडव्या परतलेल्या प्रकाशावरूनच हे सुरू होतं.

साध्या काळ्या शेडनेटमुळे हे रंगांचं प्रमाण फारसं बदलत नाही, ती सगळाच प्रकाश कमी करते. पण कमी प्रकाशातही पेरं लांबतातच. म्हणजे तुमच्याकडे दोन्ही कारणं एकावर एक आहेत. कलम लागून पानं जून झाल्यावर शेडनेटची गरज काय, हे विचारा स्वतःला. टप्प्याटप्प्याने काढा, एकदम काढलीत तर पानं भाजतील.

आणि दोन पिशव्यांत निदान एका पिशवीएवढी मोकळी जागा ठेवा. जागा जास्त लागते, हे खरंच आहे. पण हा खर्च टाळायला गेलं की तोच काठ्या, सुतळी आणि औषधाच्या रूपाने परत येतो.

माळीणबाई

पॅक्लोब्युट्राझोलचं विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी मीही अशीच घायकुतीला आले होते. संत्र्याची तीनशे कलमं, उंची आवरेना. बाटली आणली आणि प्रत्येक पिशवीत अंदाजाने ओतलं. हो, अंदाजाने. मोठ्या झाडाचं प्रमाण भागून छोट्या पिशवीला किती, असला हिशेब डोक्यातच केला. महिनाभरात काम फत्ते! वाढ थांबली, पानं गडद हिरवी, झाडं दिसायला इतकी देखणी की मी फोटो काढत सुटले. मग लागवड झाली आणि ती तिथेच बसली. वर्ष उलटलं तरी पेरं सुटेनात, पानावर पान, झाडाचा कोबी. ज्यांनी नेली होती त्यांना मी नवी कलमं भरून दिली. चूक माझीच होती.

हे द्रव्य मातीत लवकर मोडत नाही, महिनोन्महिने टिकतं. पिशवीत तर त्याला जायला जागाच नाही. मुळांतून वर चढतं आणि चढतच राहतं. शिवाय एका पिशवीत थोडं जास्त, दुसरीत थोडं कमी झालं की ओळीत काही खुजी, काही उंच. फळावर आलेल्या आंब्याला मोहोरासाठी ते देतात ती गोष्ट वेगळी. ज्या झाडाने अजून वाढायचं आहे, त्याच्या पायात बेडी कशाला घालायची?

कुंडीतला

ताई, बाटली घ्यायला निघालोच होतो, आता परत ठेवली मनातल्या मनात. पण ते नेमकं करतं काय?

प्रकाशवेडा

झाडात पेरं लांबवणारं एक संजीवक (वाढीचा हुकूम देणारं द्रव्य) असतं, जिबरेलिन. पॅक्लोब्युट्राझोल ते तयार होण्याच्या साखळीतली एक पायरी अडवतं. पानं नवीन येत राहतात, पण दोन पानांमधलं अंतर वाढत नाही. म्हणून ताईंचा कोबी.

हे संजीवक सापडलं तेही तुमच्या मोसंबीसारख्या झाडांमुळे. जपानमध्ये भाताच्या रोपांचा एक रोग होता, रोपं अचानक उंच, फिकट, बारीक होऊन कोलमडायची. तिकडे त्याला 'वेड्या रोपांचा रोग' अशाच अर्थाचं नाव आहे. १९२६ साली कुरोसावा यांनी दाखवलं की बुरशी वाढवलेलं नुसतं पाणी, बुरशी गाळून काढल्यावरही, रोपाला दिलं तरी ते तसंच उंच होतं. त्या पाण्यात होतं ते जिबरेलिन.

म्हणूनच जास्त झालेल्या पॅक्लोब्युट्राझोलवर उतारा म्हणून जिबरेलिन फवारतात. काही अंशी उपयोग होतो. पण एका बाटलीची चूक दुसऱ्या बाटलीने निस्तरायची हा खेळ नवशिक्याने करू नये.

पानगळ

मी सफरचंद आणि नाशपातीची कलमं करतो, थंड भागात. आमच्याकडे प्रोहेक्झाडिओन कॅल्शियम वापरतात. तेही जिबरेलिनच अडवतं, पण फवारणीतून पानांत जातं, काही आठवड्यांत झाडात मोडतं आणि मातीत फार टिकत नाही. अतिरेक झाला तरी हंगामापुरता. तरीही मी ते फळावर आलेल्या झाडांना ठेवतो, रोपांना नाही. प्रत्येक पिकाला परवानगी असतेच असं नाही, लेबल वाचल्याशिवाय काही करू नका. पूर्वी डॅमिनोझाइड सर्रास मारायचे. अमेरिकेत १९८९ मध्ये ते खाण्याच्या पिकांवरून मागे घ्यावं लागलं, आता शोभेच्या झाडांपुरतं उरलं आहे.

आमच्या रोपवाटिकेतला प्रश्न खरं तर तुमच्या उलट असतो. आम्हाला उंची हवी असते, पण तिच्याबरोबर पहिल्याच वर्षी आडव्या फांद्याही हव्या असतात. सफरचंदाची एक वर्षाची काडी शेंड्याच्या धाकात सरळसोट जाते, बाजूचे डोळे झोपलेले. शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्झिन हे संजीवक त्यांना दाबून ठेवतं. शेंडा कापला की डोळे उठतात, पण वरचे दोन-तीनच, आणि ते सगळे सरळ वर जायला बघतात, एकमेकांना घासत. म्हणून आम्ही शेंडा कापत नाही. त्याच्याभोवतीची कोवळी, अजून न उलगडलेली पानं चिमटीने खुडतो, टोक तसंच ठेवतो. आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा. सोबत बेन्झिलअडेनिनची (डोळे जागे करणाऱ्या संजीवकाची) फवारणी केली तर आणखी फुटवे. शेंडा जिवंत असल्यामुळे खालचे फुटवे रुंद कोनात, आडवे येतात. फांदी तरीही सरळ जायला लागली तर कपड्यांचा चिमटा खोडाला लावून तिला बाहेर ढकलायचं. आमची रोपवाटिका बऱ्याचदा कपडे नसलेल्या, नुसते चिमटे लावलेल्या दोरीसारखी दिसते.

उगाच_एक

म्हणजे शेंड्याला जिवंत ठेवून त्याचे अधिकार काढून घ्यायचे. काही घरांत ज्येष्ठांचं असंच चालतं.

माळीणबाई

@उगाच_एक, तुमच्या घरचं आम्हाला माहीत नाही. :)

पेरू-मोसंबीला इतकं नाजूक काम लागत नाही. कुंडीतला, शेंड्याला घाबरू नका. मोसंबी एका खोडावर मांडीच्या उंचीपर्यंत न्यायची, तिथे शेंडा मारायचा, वरचे तीन-चार फुटवे वेगवेगळ्या दिशांचे ठेवायचे. जोडाखालचे, म्हणजे खुंटाचे (ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधलं त्याचे) फुटवे दिसतील तेव्हा काढायचे. ते राहिले तर कलम उपाशी आणि खुंट गब्बर. पण जोडाच्या वर खोडावर जी छोटी पानं-फुटवे आहेत ती लगेच साफ करू नका. खोड तीच पानं जाड करतात. झाड स्वच्छ दिसावं म्हणून खालपासून सोलून काढलं की त्याची काठी होते.

पेरूची पानं समोरासमोर. शेंडा खुडला की दोन्ही डोळे फुटतात आणि गलोल तयार होते. तो बेचका पुढे फळांच्या भाराने फाटतो. दोघांतला एक लहानपणीच काढा, किंवा एक आखूड करून ठेवा.

आंब्याचं वेगळं. पालवी कोवळी, तांबूस असताना हात लावू नका, जून होऊ द्या. एका पालवीच्या टोकाशी डोळ्यांचं कडं असतं, तिथे पानं दाटीने असतात. कड्याच्या वर कापलंत तर एकाच ठिकाणाहून फुटव्यांचा गुच्छ येतो, तुम्ही म्हणता तो खराटा. कड्याच्या जरा खाली कापलंत तर दोन-तीनच येतात आणि अंतर राखून येतात. कुठे कापायचं एवढं कळलं की खराट्याची भीती संपली.

कुंडीतला

ताई, हे कड्याचं कुठेच वाचलं नव्हतं. वहीत लिहून घेतलं.

एक भाबडा प्रश्न: बुटका खुंटच वापरला असता तर हे सगळं टळलं असतं ना?

पानगळ

नाही, निदान रोपवाटिकेत तरी नाही. आमच्या सफरचंदात बुटक्या खुंटांचं मोठं शास्त्र आहे. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅटन यांनी वेगवेगळ्या नावांनी फिरणारे खुंट गोळा करून निवडले, त्यांना क्रमांक दिले. एम ९ त्यांतलाच, आजही जगभर चालतो. त्याच्यावरचं झाड बियाण्याच्या खुंटावरच्या झाडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं होतं. (क्रमांकावरून उंची ठरवू नका. एम २५ चं झाड थोराड, एम २६ मध्यम आणि एम २७ सगळ्यांत बुटकं. लागोपाठचे आकडे आणि तीन टोकं. नवीन माणूस इथे हमखास फसतो.)

पण हा बुटकेपणा हळूहळू साठतो. पहिल्या वर्षी एम ९ वरची काडी आणि जोमदार खुंटावरची काडी शेजारी ठेवलीत तर फरक डोळ्यांत भरत नाही. बुटक्या खुंटावरचं झाड हंगामात जरा लवकर थांबतं, इतकंच. मग ते दरवर्षी लवकर थांबतं, पुढे फळ लवकर धरतं, आणि त्यात ते लहान राहतं. शिवाय मुळं ठिसूळ, एम ९ ला जन्मभर आधार लागतो. खुंट हा बागेचा निर्णय, पिशवीतल्या चार महिन्यांचा नाही.

लिंबूवर्गात फ्लाइंग ड्रॅगन हा बुटका खुंट आहे. तो मात्र रोपवाटिकेतही सावकाश चालतो, इतका की डोळा भरण्याएवढा जाड व्हायलाच वेळ लावतो.

बांबूवाला

एवढी चर्चा कशाला? प्रत्येक झाडाला जाड काठी लावा, तीन ठिकाणी घट्ट बांधा, झाड सरळ. मी वर्षानुवर्षं हेच करतो.

खुंटडोळा

बांबूवाले, असहमत. काठी काढल्यावर तुमचं झाड उभं राहतं का, ते सांगा.

झाड हललं पाहिजे. वाऱ्याने हललं की ते उंची कमी करतं आणि बुंधा जाड करतं. घट्ट बांधलेलं झाड उंच होतं आणि खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचं राहतं, त्याला बुंधाच नसतो. जोड नवीन असताना काठी हवी, मोसंबी सरळ नेताना हवी, हे मान्य. पण पातळ काठी, एकच सैल बांध, आणि झाडाला थोडं डुलायला जागा. जोड पक्का झाला की काठीची सुट्टी. कलमाची पट्टीही वेळेवर सोडा. विसरलेली पट्टी खोडात रुतते आणि झाड बरोबर तिथेच मोडतं.

प्रकाशवेडा

याला नाव आहे, थिग्मोमॉर्फोजेनेसिस. जॅफ यांनी १९७३ मध्ये ते वापरलं. रोज काही वेळा खोड नुसतं हाताने चोळलं तरी रोपं बुटकी आणि जाड झाली, असे त्यांचे प्रयोग. काही लोक रोपांच्या शेंड्यांवरून रोज एक हलकी काठी फिरवतात, ते याच कारणासाठी. पानं ओली असताना करू नका, रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो.

बांबूवाला

काठी काढली की वाकतात थोडी. खोटं कशाला बोलू.

कुंडीतला

पाणी तोडायचं राहिलं. तोडू की नको?

खुंटडोळा

तोडू नका, ताणा. पेशी फुगायला पाण्याचा दाब लागतो. पाणी थोडं कमी पडलं की आधी लांबी थांबते, पानांचं अन्न बनवणं बऱ्यापैकी चालू राहतं. या दोन्हींच्या मधल्या फटीत काम करायचं. सकाळी पिशवी उचलून वजन बघायचं, हलकी लागली की पूर्ण पाणी. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यांत वाईट, वरचा थर ओला आणि तळ कोरडा. आणि पिशवीतलं कोकोपीट एकदा कडक सुकलं की पाणी कडेने निघून जातं, आत शिरतच नाही. मग तुम्ही पाणी देताय आणि झाड तहानलेलं.

हा ताण पिशव्या उचलल्यानंतर झाड सावरलं की मगच. उचलणं आणि ताणणं एका आठवड्यात नको.

खत: १९:१९:१९ सध्या बंद. नत्र पूर्ण तोडायचं नाही. खालची जुनी पानं पिवळी पडायला लागली तर समजा फार ताणलंत, अर्ध्या प्रमाणात द्या.

माळीणबाई

आणि प्रतवारी करा. उंच एकीकडे, ठेंगणी एकीकडे. एकत्र ठेवली की उंच उंचच होतात आणि ठेंगणी मागे पडतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे, कुठलंही औषध लागत नाही.

कुंडीतला

(सहा आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. आधी वीस पिशव्या उचलल्या, मग रोज चाळीस-चाळीस. खाली जाड प्लास्टिक अंथरलं होतं, पण त्यावर पाणी साचून मुळं त्यातच पसरायला लागली. म्हणून आता विटांवर बांबूच्या पट्ट्या टाकून पिशव्या जमिनीपासून वर ठेवल्यात. खालून मूळ हवेत आलं की टोक सुकून जातं आणि मागे नवीन बारीक मुळं फुटतात, हे प्रत्यक्ष बघितलं. कात्रीचं काम हवाच करते.

मोसंबीचे शेंडे मांडीच्या उंचीवर मारले. पहिल्या दिवशी हात थरथरला, दुसऱ्या दिवशी सवय झाली. आता तीन-चार फुटवे आहेत आणि बहुतेक झाडं काठीविना उभी आहेत. शेडनेट अर्धी काढली, त्यात एका ओळीची पानं भाजली, घाई केली मी. पेरूची गलोल सगळीकडे आली, ताईंनी सांगितल्याप्रमाणे एकेक बाजू काढतोय.

नुकसान: अकरा मोसंब्या गेल्या, सगळ्या करंगळीएवढं मूळ कापलेल्या. आणि तीन पेरू असे आहेत की मूळही जाड नव्हतं, पाणीही बरोबर आहे, पण हलायला तयार नाहीत. पानं बारीक, फिकट.

खुंटडोळा

चारशेत अकरा म्हणजे स्वस्तात सुटलात. त्या तीन पेरूंची पिशवी फाडून बघितलीत का? बी पेरताना किंवा रोप पिशवीत घालताना सोटमूळ वाकडं बसलं असेल तर पुढे ते इंग्रजी जे सारखं वळतं, किंवा पिशवीच्या कडेने गोल गोल फिरून स्वतःलाच आवळतं. वरून काही केलं तरी ते झाड सुधारत नाही. मुळं धुऊन फोटो टाका.

कुंडीतला

एक फाडली. काका, मूळ घड्याळाच्या स्प्रिंगसारखं आहे. बाकीच्या दोन उद्या फाडतो आणि तिन्हींचे फोटो एकदमच टाकतो.